उसना आवाज

मी स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोक येऊन ज्यांची वाचा गेली त्यांच्या घरी जायचं, समोर बसायचं आणि शब्द परत येतात का ते बघायचं, हे माझं काम. एडिनबरात राहून इतकी वर्षं झाली की इथल्या म्हाताऱ्यांचं जाड स्कॉटिश इंग्लिश मला आता माझ्या लेकीच्या मराठीपेक्षा लवकर कळतं. पुष्कळ पेशंट पाहिले, बरेचसे विसरलेही. हे इटालियन गृहस्थ मात्र विसरता येत नाहीत, आणि ते आठवले की अजूनही मला एकदम मागे वळून बघावंसं वाटतं.

पहिल्या दिवशी हार आला होता. हार म्हणजे समुद्रावरून शहरात शिरणारं इथलं धुकं. माझ्या कानाला तो शब्द फुलांचा वाटतो, पण तो आला की समोरचं घर दिसत नाही आणि स्वेटर आतून ओला होतो. बंदराकडच्या लीथ भागातल्या जुन्या दगडी इमारतीचा जिना चढून मी वरच्या मजल्यावर पोचले, तेव्हा जिन्याच्या काचेच्या छतातून उजेड येत नव्हता, नुसता पांढरेपणा खाली उतरत होता. दार त्यांच्या मुलीने उघडलं. मुलगी म्हणजे पन्नाशीची बाई, प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडील आजारी पडल्यापासून ती त्यांच्याकडेच राहायला आली होती.

"काहीच बोलत नाहीत," ती म्हणाली. "फक्त 'नो नो नो'. चहा हवा असला तरी 'नो नो नो'."

ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. ऐंशीच्या पुढचं वय, पण चेहरा अजून असा की खोलीत दुसरीकडे नजर जाऊ नये. गळ्याभोवती लोकरीचा मफलर घट्ट गुंडाळलेला. त्यांच्या मागच्या भिंतीवर फोटो होते, बरेच काळेपांढरे, थोडे रंगीत. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येकात तेच होते, आणि प्रत्येकात ते मेलेले होते. एकात घोड्याच्या पायाशी, एकात विहिरीच्या काठावरून अर्धे खाली लटकलेले, एकात शवपेटीत, डोळ्यांवर नाणी ठेवलेले.

"बाबा सिनेमात होते, रोममध्ये," मुलगी म्हणाली. "तुम्ही त्यांचं नाव ऐकलं नसणार. हीरो कधीच नव्हते. पहिल्या अर्ध्या तासात मरायचे."

"प्रत्येक सिनेमात?"

"एकात वाचले होते. तो सिनेमा पूर्णच झाला नाही."

ती हसली. मीही हसले. म्हातारबाबा आमच्याकडे बघत होते.

आमच्या कामात आधी गिळणं तपासतात. पेशंटला घोटभर पाणी द्यायचं, गळ्यावर बोटं ठेवायची आणि कंठमणी नीट वर उचलला जातो का ते बघायचं. मी मफलरला हात लावला मात्र, त्यांनी माझं मनगट धरलं. चांगल्या हाताने, आणि बऱ्याच जोरात. "नो नो नो." मुलगी म्हणाली, की ते मफलर कोणालाच काढू देत नाहीत, उन्हाळ्यातही नाही, आणि हे स्ट्रोकच्या आधीपासून आहे. मी त्या दिवशी आग्रह केला नाही.

त्यांची हकिगत मला पुढच्या काही भेटींत मुलीकडूनच कळली. ती चहा करता करता सांगायची आणि ते ऐकत असायचे. चुकलं की मान हलवायचे, म्हणजे कळत सगळं होतं.

डोंगरातल्या एका लहान गावात त्यांचा जन्म. सतरा-अठराव्या वर्षी मामाच्या मागे रोमला आले ते सुतारकामाला. एका फिल्म स्टुडिओत सेट उभारायची कामं होती. तिथे कोणीतरी चेहरा बघून त्यांना गर्दीत उभं केलं. मग घोड्यावरून छान पडतात हे लक्षात आलं. मग छोटी कामं मिळू लागली: दरोडेखोराचा धाकटा भाऊ, थडगं खणणारा, भुताच्या वाड्याचं दार उघडणारा नोकर. दार उघडलं की पुढच्या सीनमध्ये मरण. पण कामाला तोटा नव्हता. एका सिनेमात सकाळी मरून ते दुपारी दुसऱ्या सिनेमात मरायला जायचे, असं मुलीने सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

त्या काळी तिकडे शूटिंगच्या वेळी आवाज धरतच नसत. कॅमेरा घरघरत असायचा, डायरेक्टर मधेच ओरडून सूचना द्यायचा, एक नट इटालियन बोलायचा आणि त्याला उत्तर देणारा जर्मन. नंतर एका अंधाऱ्या खोलीत दुसरीच माणसं पडद्याकडे बघत सगळ्यांचे संवाद भरायची. लहानसहान नटांना स्वतःचा आवाज द्यायला बोलवायचीही पद्धत नव्हती. त्यात यांचा आवाज पातळ, जरा उंच, बोली गावाकडची. या चेहऱ्याला हा आवाज चालायचा नाही असं पहिल्याच वेळी ठरलं, आणि त्यांना दुसऱ्या एका माणसाचा आवाज दिला गेला. खोल, सावकाश, घशाच्या तळातून येणारा. पुढे जवळजवळ प्रत्येक सिनेमात त्याच माणसाने त्यांचा आवाज दिला.

पहिला बोलका रोल असलेला सिनेमा गावाजवळच्या थिएटरात लागला, तेव्हा ते आईला आणि धाकट्या बहिणीला घेऊन गेले. पडद्यावर त्यांनी तोंड उघडलं. आईने अंधारात त्यांचा दंड धरला आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "तुझ्या तोंडून हे कोण बोलतंय?"

त्यांनी बाहेर आल्यावर सगळं समजावून सांगितलं. आईने मान डोलावली. पण त्या संध्याकाळी जेवताना ते काहीही बोलले की ती त्यांच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायची.

मग लोक रस्त्यात ओळखू लागले. ओळखायचे, आनंदाने पुढे यायचे आणि यांनी बोलायला सुरुवात केली की त्यांचे चेहरे पडायचे. एकदा एक मुलगी तर हसलीच. तेव्हा त्यांनी ठरवलं, की तो आवाज शिकायचा. स्वतःचे सिनेमे लागतील तिथे जायचे, मागच्या रांगेत बसायचे आणि पडद्यावरच्या स्वतःबरोबर हळू आवाजात बोलायचे. एखाद-दोन वर्षांत तो आवाज गळ्यात बसला. मग काढायचा कसा, तेच ते विसरले.

कपडेपटात काम करायला आलेल्या एका स्कॉटिश मुलीशी लग्न झालं ते त्यानंतर. पुढे रोममधली कामं आटली, तशी ती दोघं तिच्या आईवडिलांकडे एडिनबराला आली. पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर सासऱ्यांचं आइस्क्रीमचं दुकान होतं. उरलेलं आयुष्य त्यांनी त्या काउंटरमागे काढलं. म्हाताऱ्या बायका म्हणे नुसतं त्यांच्या तोंडून 'व्हॅनिला' ऐकायला यायच्या. बायकोने, मुलीने, सबंध किनाऱ्याने त्यांचा एकच आवाज ऐकला होता, आणि तो त्यांचा नव्हता.

"म्हणजे तुमच्या बाबांचा खरा आवाज..."

"मला माहीतच नाही," मुलगी म्हणाली. "माझ्यासाठी तोच खरा."

बरेच आठवडे थेरपीचा काही उपयोग होत नव्हता. आकडे म्हणून पाहिले, वार म्हणून पाहिले, गाणी लावली. नो नो नो. मग एके दुपारी मी सहज विचारलं, त्यांचा एखादा सिनेमा घरात आहे का? मुलीने कपाटातून डीव्हीडी काढली. भुताच्या वाड्याचा सिनेमा होता. घोडागाडी येते, पाहुणा उतरतो, दारावर ठोकतो. दार उघडतं आणि कंदील घेऊन तरुणपणचे ते उभे.

पडद्यावरच्या माणसाने बोलायला सुरुवात केली आणि खुर्चीतल्या माणसानेही. एकही अक्षर न अडखळता, त्याच खोल आवाजात, ओठाला ओठ जुळवून. सबंध सीन. तो नोकर जिन्यावर मारला जाईपर्यंत. मग पडद्यावर शांतता झाली आणि तेही गप्प झाले.

मुलगी रडत होती. कितीतरी महिन्यांनी तिने वडिलांचा आवाज ऐकला होता.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता.

"अगं, त्यात काय एवढं?" तो म्हणाला. "आमच्या आत्याला शेवटी नाव सांगता येत नव्हतं, पण आरती सुरू केली की टाळ्या वाजवत पूर्ण म्हणायची. पाढेसुद्धा म्हणायची."

"तेच म्हणतेय मी. पाठ झालेलं मेंदूत वेगळीकडे राहतं. आता त्याचा धागा धरून बाकीचं ओढायचं."

"मग खूश दिसत का नाहीयेस?"

 सिनेमात संवाद संपल्यावर जिन्यावर पडलेल्या त्या नोकराचे डोळे उघडे होते, आणि खुर्चीतल्या बाबांचेही, आणि दोघंही बराच वेळ पापणी न लववता बघत होते. हे नवऱ्याला सांगायला मला शब्द जुळवता येईनात.

पद्धत अशी, की आधार हळूहळू काढून घ्यायचा. आधी सिनेमाचा आवाज कमी केला, मग पूर्ण बंद. नुसतं चित्र बघूनही ते बोलत होते. मग मी सिनेमातली वाक्यं रोजच्या गोष्टींना जोडायला लागले. एका सिनेमात ते पाणी मागतात, तो सीन दोनचारदा लावला, आणि एक दिवस पडद्याशिवाय त्यांनी पाणी मागितलं. त्याच मरणाऱ्या शिपायाच्या स्वरात, पण मागितलं. मुलीने मला मिठी मारली.

अडचण अशी, की त्यांच्याकडे वाक्यं होती ती सगळी मरणाऱ्या माणसांची. मुलगी दाराबाहेर निघाली की ते म्हणायचे, "दार उघडू नकोस." जेवायला दिलं की, "हे कोणी केलंय?" हा विष खाऊन मरणाऱ्या पाहुण्याचा संवाद. मुलगी मला भाषांतर करून सांगायची आणि आम्ही हसायचो. एकदा मी विचारलं, कुठे दुखतंय का? ते माझ्याकडे बघत त्या खोल आवाजात काहीतरी म्हणाले, आणि मुलीचा चेहरा बदलला.

"काय म्हणाले?"

"'त्याला काही होत नाही. दर वेळी मीच मरतो.'"

"हा कुठला सिनेमा?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "हा मी पाहिलेला नाही."

तिने नंतर घरातले सगळे सिनेमे लावून पाहिले. ते वाक्य त्यात कुठेच नव्हतं. बरेचसे सिनेमे आता मिळतही नाहीत, तेव्हा एखाद्यात असेलही. मी तिला असंच सांगितलं.

त्याच सुमारास तिच्या लक्षात आलं, की ते पुढे चाललेत. सिनेमा मुका लावलेला असायचा आणि ते पडद्यावरच्या ओठांच्या किंचित आधी बोलायला लागले होते. आधी अर्ध्या शब्दाने, मग शब्दाने, मग वाक्य संपायचं आणि पडद्यावरचा माणूस नंतर तोंड उघडायचा. नवल काही नाही, पाठ आहे सगळं. पण बघताना असं वाटायचं, की खुर्चीतून हुकूम सुटतोय आणि पडद्यावरचा तो तरुण तो पाळतोय.

"त्यांनी मला एकदा एक गोष्ट सांगितली होती," मुलगी म्हणाली. बाबा तेव्हा झोपले होते. "त्या आवाजवाल्या माणसाला ते भेटले होते. एकदाच."

रोममधल्या त्या अंधाऱ्या खोलीत ते आगाऊ न कळवता गेले होते. पडद्यावर त्यांचाच चेहरा चालू होता आणि समोर एक बुटका, टकला, किडक्या दातांचा माणूस हातात अर्धं सोललेलं संत्र घेऊन उभा होता. त्याच्या तोंडून तो आवाज येत होता. काम थांबल्यावर यांनी विचारलं, तुम्ही माझे ओठ इतके बरोबर कसे पकडता? तो म्हणाला, "मी ओठ बघतच नाही. ओठांना उशीर होतो. मी तुझा कंठ बघतो. तो आधी हलतो." आणि संत्र्याची एक फोड त्यांना देऊ केली.

"तेव्हापासून मफलर," मुलगी म्हणाली. "शूटिंगलासुद्धा. कपडेपटातल्या बाईला, म्हणजे आईला, रोज भांडून मफलर मागायचे. तशीच ओळख झाली त्यांची."

गिळण्याची तपासणी मात्र आता टाळता येत नव्हती, त्यांना खाताना ठसका लागायला लागला होता. मी पुढच्या भेटीत मुलीला त्यांचा हात धरायला सांगितलं, त्यांना काय करणार ते नीट समजावलं, आणि ते नाही म्हणाले नाहीत. मफलर सोडला. खाली साधा म्हातारा गळा होता. मी दोन बोटं कंठावर ठेवली आणि मुलगी पाण्याचा पेला पुढे करायची वाट बघू लागले. टीव्हीवर सिनेमा मुका चालू राहिला होता. पडद्यावर ते दरोडेखोराचा भाऊ होते, एका कुंपणाला टेकून बसलेले, कॅमेऱ्याकडे पाठ.

त्यांचे ओठ मिटलेले होते. आवाज नव्हता, श्वाससुद्धा संथ होता. आणि माझ्या बोटांखाली कंठ बोलत होता. वर, खाली, थांबून परत वर. घशात उबळ आली की होतं तसं थरथरणं नव्हतं ते. इतकी वर्षं लोकांचे गळे चाचपते आहे, बोलणं बोटांना कळतं. तिथे वाक्यं होती, वाक्यांत पॉज होते. मग कंठ थांबला, आणि लगोलग पडद्यावरच्या माणसाने कॅमेऱ्याकडे वळून काहीतरी म्हटलं.

मी हात काढून घेतला. मुलीने विचारलं, "ठीक आहे ना?" मी म्हटलं, ठीक आहे, पाण्यात पावडर घालून ते जरा घट्ट करून देऊया, म्हणजे ठसका लागणार नाही. ते माझ्याकडे बघत होते. दुसऱ्या कोणाच्या घरात आपण चुकून शिरल्यावर तिथला माणूस बघतो, तसे.

त्यानंतर दर भेटीच्या आधी मी जिन्यात क्षणभर थांबायला लागले. भीती म्हणणार नाही मी. पण वरून तो आवाज ऐकू यायचा, मुलीशी बोलल्यासारखा, आणि मला प्रश्न पडायचा, की आपण इतक्या कष्टाने परत कोणाला बोलावतो आहोत?

उन्हाळ्यात एक दिवस तो धागा तुटला. शवपेटीचा सिनेमा लावला होता. त्यात मरायच्या आधी त्यांचं लांबलचक बोलणं आहे, ते त्यांना नेहमी सगळ्यात चांगलं यायचं. पडद्यावर ओठ हलायला लागले. खुर्चीतून काही नाही. मुलगी म्हणाली, "बाबा?" पडद्यावरचा माणूस शेवटपर्यंत मुकाच बोलला आणि मुकाच मेला.

मग खोलीत कोणीतरी बोललं. पातळ, उंच आवाज, पोरगेला. मुलीने दचकून दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. दार बंद होतं.

परत बोललं. या वेळी मी त्यांचे ओठ पाहिले. मुलगी उठून उभी राहिली होती. इंग्रजी नव्हतं ते आणि सिनेमातलं इटालियनही नव्हतं. गावाकडची बोली, तिला जेमतेम निम्मी कळत होती.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत..." तिने पडद्याकडे बोट केलं. "'हा माणूस कोण?'"

त्या दिवसापासून खोल आवाज गेला तो गेलाच. त्याच्या जागी हा आला, आणि हा बोलतच राहिला. काही आठवड्यांत पूर्ण वाक्यं यायला लागली. माझ्या कामाच्या दृष्टीने हे यशच. स्ट्रोकनंतर आवाजाची पट्टी बदलते, नंतर शिकलेल्या भाषा मागे राहून लहानपणची आधी परतते, हे आम्ही पाहिलेलं असतं. मी मुलीला सगळं शांतपणे समजावलं. ती ऐकून घ्यायची.

"मला कळतंय," एक दिवस ती स्वयंपाकघरात दार लोटून म्हणाली. "पण तुला सांगू? मी शेजारच्या खोलीत असते आणि घरात एक मुलगा बोलत असतो. अनोळखी मुलगा. मी आत येते तर बाबांच्या खुर्चीत बाबा. माझे बाबा गेले का? मला कोणी सांगितलंच नाही?"

मी तिचा हात धरला. 

सिनेमांना ते आता घाबरायचे. भिंतीवरच्या फोटोंकडे पाठ करून बसायचे, म्हणायचे, "त्या मेलेल्या माणसाला इथून न्या." मुलीने एकेक करून फोटो उतरवले. मफलर मात्र त्यांनी स्वतःच सोडून दिला, खुर्चीखाली पडलेला असायचा.

मीच सुचवलं, की बहिणीला फोन लावून बघ. ती अजून त्या डोंगरातल्या गावात होती, एकटी, ऐंशीला टेकलेली. भावाबहिणीत वितुष्ट नव्हतं, पण ती कधी फोनवर त्याच्याशी बोलायची नाही. फोन आला की नवऱ्याकडे द्यायची, नवरा गेल्यावर तर उचलायचीच नाही. सणाला कार्ड पाठवायची.

मुलीने मोबाईल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. आत्याला एवढंच म्हणाली, की बाबांना बोलायचंय.  मग त्यांनी त्या पातळ आवाजात बहिणीला हाक मारली. नावाने नाही, कसल्यातरी लाडक्या शब्दाने.

पलीकडे इतका वेळ काही आवाज नव्हता, की मला वाटलं फोन कट झाला. मग म्हातारीचा आवाज आला, रागावलेला. एकच वाक्य. मुलीने तोंडावर हात ठेवला.

"ती म्हणतेय, 'कुठे होतास रे इतके दिवस?'"

म्हातारी पुढे बोलतच राहिली, आणि रागावता रागावता रडायला लागली. मुलगी तुटक तुटक सांगत होती. आई जाईपर्यंत म्हणायची, की माझा मुलगा रोमहून परत आलाच नाही, त्याचे कपडे घालून कोणीतरी येतं. बहीण लहान होती. तिने ते खरं धरलं होतं. मोठी झाल्यावर मूर्खपणा आहे हे कळलं, पण फोनवर तो खोल आवाज आला की फोन कानाशी धरवायचा नाही. काय करणार?

ते मात्र शांत होते. त्यांनी विचारलं, बकऱ्या आत घेतल्या का? बहीण रडायची थांबली आणि म्हणाली, घेतल्या.

पुढे रोज दुपारी भावंडं बोलायची. मुलगी जवळ बसून बोली शिकली, चुका करत, दोघांची बोलणी खात. ते तिला ओळखायचे, कधी मुलगी म्हणून, कधी नुसतं घरातलं कोणी म्हणून, पण प्रेमाने. वारलेल्या बायकोचं मात्र त्यांना काही आठवत नव्हतं. तिचा फोटो दाखवला की सभ्यपणे म्हणायचे, "छान आहेत बाई. कोण आहेत?" हे मुलीला सगळ्यात जड गेलं. कारण त्या बाईने ज्याच्याशी संसार केला तो खरंच आता कुठे नव्हता.

शरद ऋतूत माझ्या भेटी संपल्या. थेरपीची गरज उरली नव्हती. हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि ते गेले. फोन मुलीने केला. म्हणाली, सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. बहिणीशी बोलून झालं, फोन ठेवला, डोळे मिटले, रात्री झोपेतच गेले.

चर्चमध्ये मी आणि माझा नवरा दोघं गेलो. आइस्क्रीमच्या दुकानाची जुनी गिऱ्हाइकं बरीच आली होती. मुलीने त्यांचं एक रेकॉर्डिंग लावलं, शेवटच्या महिन्यांतलं, बहिणीला कसली तरी गंमत सांगतानाचं. तो कोवळा, हसरा आवाज दगडी भिंतींवर आपटत वर गेला. माझ्या पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक हळूच म्हणाली, "हा कोण? नातू का?"

"नातू नाहीये त्यांना," दुसरी म्हणाली.

तिसरी कोणीतरी मान उंचावून समोरच्या शवपेटीकडे पाहत राहिली. नवऱ्याने माझा हात धरला. त्याला गोष्ट माहीत होती, तरी तोही पेटीकडेच बघत होता.

मुलीने पुढच्या उन्हाळ्यात शाळेची नोकरी अर्धवेळ केली आणि सुट्टीभर आत्याकडे जाऊन राहिली. तिथून तिने एका दुपारी मला फोन केला. मी घरी एकटीच होते, पोह्यांसाठी कांदा चिरत, तसं तिला म्हटलंही. आत्याला माझे आभार मानायचेत, म्हणाली. म्हातारीने बराच वेळ काहीतरी सांगितलं. मला शब्द कळले नाहीत, सूर कळला. मग मुलगी हसत म्हणाली, "आत्या म्हणतेय, तू तुझ्या भाषेत बोल. तिला ऐकायचंय."

"काय बोलू?"

"काहीही."

मी सुरुवात केली. म्हटलं, आत्याबाई, इथे आज ऊन पडलंय, फार दिवसांनी. मी पोहे करतेय. माझी आई त्यात वरून शेव घालायची, इथे शेव मिळते पण मऊ पडलेली असते. पलीकडे कोणीतरी श्वास घेतंय हे ऐकू येत होतं. मग मला काय झालं कोण जाणे, मी बोलतच गेले. आईबद्दल, आमच्या गल्लीतल्या आडाबद्दल, कामावर कोणाला कधी न सांगितलेलं काय काय. माझा आवाज मला जरा उंच वाटला, जरा पोरकट. कांदा चिरायचा राहिला होता.

बऱ्याच वेळाने कानावरचा फोन खाली घेतला तर स्क्रीन काळा होता. मुलीचा मेसेज येऊन पडला होता: सॉरी, रेंज गेली, पहिल्या दोन वाक्यांनंतर काहीच ऐकू आलं नाही. आत्या विचारतेय, पोहे म्हणजे काय?

मी तिला पोहे म्हणजे काय ते लिहून कळवलं. श्वासाचं विचारलं नाही.